मधूनच थांबणारं चार्जिंग

त्या पावसाळ्यात मी तांदळाच्या दाण्याएवढ्या एका दिव्याची ताबेदार झाले होते. लॅपटॉपच्या डाव्या कडेला, वायर जिथं घुसते तिथं तो दिवा. पेटला की चार्जिंग चालू, विझला की बंद. तो कधी पेटेल आणि कधी विझेल याला काही धरबंध नव्हता. अकराला कामाला बसावं, दिवा छान पेटलेला असावा, आणि साडेअकराला ऐन मिटिंगमध्ये तो विझून जावा. वायर जरा वर उचलली की पुन्हा पेटायचा. हात काढला की विझायचा. हट्टी पोराची समजूत काढावी तशी मी त्या वायरची काढत बसायची.

मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यानं केलेली चूक शोधायची, ती कधी होते, कुठं होते, कशामुळं होते हे लिहून द्यायचं, यासाठीच कंपनीनं मला ठेवलंय. आणि माझ्या स्वतःच्या यंत्राला काय झालंय ते मला तीन महिने कळलं नाही. हे आज लिहितानाही कानशिलं तापतात. मुळात मी तापट, त्यात हा अपमान माझ्याच धंद्यातला.

निपाणीच्या घरी बसून काम करायची सवलत मला आईच्या छातीमुळं मिळाली होती. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. आमच्या गल्लीत घरोघरी तेच काम, पण आईची छाती त्यात कामातून गेली. दोन वर्षांपूर्वी धाप इतकी वाढली की तिला चार पायऱ्या चढवेनात. बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढं धरला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "यापुढं तंबाखूची धूळ यांच्या छातीत जाता कामा नये. गेली तर मग औषधाचा उपयोग व्हायचा नाही." आईनं त्याच आठवड्यात आपलं विडी कामगाराचं कार्ड परत केलं, मांडीवर घेऊन वळायचं सूप शेजारच्या आक्काला देऊन टाकलं, आणि मी पुण्याची खोली सोडून घरी आले. वडील मी शाळेत असतानाच गेले. भावंडं नाहीत. आईजवळ काय ती मीच.

कंपनीची अट एकच होती. कामाच्या वेळेत मी गायब व्हायचं नाही. बॅटरी संपून मी स्क्रीनवरून नाहीशी झाले असं दोनदा घडलं तेव्हा साहेब हसले. तिसऱ्यांदा घडलं तेव्हा हसले नाहीत. "असंच चाललं तर तुम्हाला पुण्यात यावं लागेल," म्हणाले. म्हणजे मी तिकडं आणि आई इकडं धापा टाकत एकटी. त्या दिव्याच्या मागं मी का लागले होते, ते एवढ्यासाठी.

सुरुवात फोनवरच्या सपोर्टवाल्यापासून झाली. हा माणूस पुण्यात बसून मला निपाणीत उठबशा काढायला लावायचा. दुसऱ्या प्लगला लावून बघा. लावलं. एक्स्टेंशन काढा, थेट भिंतीत लावा. लावलं. बंद करून बटण तीस सेकंद दाबून धरा. धरलं. बॅटरीचं सॉफ्टवेअर काढून परत टाका. टाकलं. प्रत्येक वेळी दिवा लगेच पेटायचा, तो म्हणायचा "बघा मॅडम, झालं," आणि त्यानं फोन ठेवला की अर्ध्या तासात दिवा बंद. मधूनच होणारा बिघाड हा सगळ्यात वाईट बिघाड, हे मी नवीन लोकांना शिकवताना स्वतः सांगते. कायमचं बंद पडलेलं यंत्र परवडलं, कारण ते निदान खोटं बोलत नाही.

मग कंपनीनं नवीन अडॅप्टर पाठवला. चार दिवस सगळं सुरळीत. मी जुना अडॅप्टर कपाटावर फेकला, त्याला दोन शिव्या हासडल्या आणि आईला सांगितलं, "हेच मेलं खराब हुतं." पाचव्या दिवशी दिवा विझला. कपाटावरून जुना पुन्हा काढून लावला, तर तो पेटला. मी कपाळाला हात लावला.

महिन्यातून एक आठवडा मला पुण्याच्या ऑफिसात जावं लागतं. तेवढ्या दिवसांत आईकडं शेजारची आक्का बघते. त्या आठवड्यात लॅपटॉपनं एकदाही त्रास दिला नाही. सात दिवस दिवा पेटलेलाच. सपोर्टवाल्याला जोर चढला. "मॅडम, मशीन ओके आहे. तुमच्या घरच्या लाइटीत प्रॉब्लेम आहे." निपाणीला परत आले, तर पहिल्याच सकाळी दिवा बंद. मला पटलं. घरच्याच विजेत काहीतरी आहे.

गल्लीतले वायरमन आप्पा आले. साठी उलटलेला माणूस, पण हातात टेस्टर आला की पंचविशीतला. त्यांनी बोर्ड उघडला, तारा ओढून बघितल्या आणि निकाल दिला, "अर्थिंग मेलंया तुमच्या घराचं." मग घरामागच्या दोन फुटांच्या जागेत खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, वर मीठ आणि कोळसा थराथरानं भरला, पाणी ओतलं. आई दारात पाटावर बसून हे सगळं बघत होती. "लोणचं घालतायसा व्हय आप्पा?" तिनं विचारलं. आप्पा हसले, मी हसले, ती हसायला गेली आणि तिला खोकला लागला. तो खोकला थांबायला बराच वेळ लागला.

अर्थिंग झालं. दिवा दोन दिवस राहिला आणि गेला.

मग मी माणसांवर संशय घ्यायला लागले. सकाळी आठ ते दहा मी विहारात मुलींचा इंग्रजीचा वर्ग घेते. त्या वेळात लॅपटॉप घरीच, आतल्या खोलीतल्या टेबलावर असतो. मी आईला विचारलं, "माझं पिन काढून मिक्सर लावतीस का गं?" ती दुखावली. "तुझ्या बटणाला मी हात लावत न्हाय. उलट रोज पुसून ठेवते तुझं मशीन." हे खरं होतं. वर्गावरून यावं तर लॅपटॉप लख्ख पुसलेला असायचा, ओल्या फडक्याचा माग अजून झाकणावर वाळत असायचा. मला वाटलं, ओलं फडकं! पाणी आत जात असणार. आईवर ओरडले. ती म्हणाली, "बरं, कोरड्यानं पुसते." दुसऱ्या दिवसापासून कोरड्या फडक्यानं पुसलेला. न पुसता राहील तर ती आई कसली!

इकडं आईची धापही हळूहळू वाढत होती. दोन वर्षं जी बरी होती, ती जिन्याच्या दुसऱ्याच पायरीवर थांबायला लागली. श्रावणात आम्ही बेळगावला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी फवाऱ्याच्या औषधाचा जोर वाढवला आणि मला विचारलं, "घरात धूळ कसली आहे का?" मला राग आला. घरात धूळ? मी उदबत्ती बंद केली होती. पडदे काढून टाकले होते. गाद्या बदलल्या, फोडणीला खिडकी उघडी, दिवसातून दोनदा फरशी. "धूळ नाही," मी ठणकावून सांगितलं. आई माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. ती खिडकीतून बाहेर रस्त्यावरची गर्दी बघत होती.

आता मागं वळून बघते तर वाटतं, दोन बिघाड एकाच घरात, एकाच महिन्यात सुरू झाले आणि दोन्हींची नोंद माझ्याच डोक्यात होती. ऑफिसात कुणी मला असं सांगितलं असतं तर मी पहिला प्रश्न हाच विचारला असता, की या दोन्हींत सारखं काय आहे? घरात मला तो सुचला नाही.

निपाणीतल्या दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला, वायरीच्या भोकात फुंकर मारली, एक दिवस ठेवून घेतला आणि "आमच्याकडं तर चालतोय" म्हणून परत दिला. तेव्हा मी हात टेकले आणि एक दिवसाची रजा टाकून बेळगावला गेले. आईला म्हटलं चल, तर ती म्हणाली, "तू जा. मला एष्टीत बसवत न्हाय आता." मी एकटीच निघाले. बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या एका बोळात एक कन्नड गृहस्थ लॅपटॉप दुरुस्त करतात असं कळलं होतं. चष्मा, पांढऱ्या मिशा, टेबलावर भिंग लावलेला दिवा. फार बोलणारे नव्हते. मी तीन महिन्यांचं पुराण सांगितलं, अडॅप्टर, सॉफ्टवेअर, अर्थिंग, सगळं. पुण्यात चालतो आणि घरी चालत नाही हेही सांगितलं.

"पुण्यात कुठं लावता पिन?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि ऑफिसातलं टेबल डोळ्यांपुढं आलं. ऑफिसात टेबलावर एक डबी असते. तिची वायर लॅपटॉपच्या उजव्या कडेला लागते. स्क्रीन, नेट, चार्जिंग, सगळं त्या एका वायरीतून. घरी मी डावीकडं लावते. म्हणजे घराच्या विजेचा प्रश्नच नव्हता. आप्पांनी मीठ-कोळशाचा खड्डा फुकटच खणला होता. सपोर्टवाल्यानं हे विचारलं नाही म्हणून त्याला शिव्या घालाव्यात, तर मीही विचारलं नव्हतं. मी, जी यासाठीच पगार घेते.

त्यांनी तोवर स्क्रू काढून खालचं झाकण उचललं होतं. उचललं आणि तोंड फिरवून सलग तीन वेळा शिंकले. मग नाकावर रुमाल धरून म्हणाले, "मॅडम, घरात विडीचं काम चालतंय काय?"

"नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली बंद करून."

"नोडरी," ते म्हणाले, म्हणजे बघा, आणि भिंगाचा दिवा माझ्याकडं वळवला.

पंख्याच्या पात्यांवर तपकिरी थर होता. पंख्याच्या बाजूच्या जाळीत तो घट्ट दाबून भरल्यासारखा. त्यांनी वायरीच्या भोकात चिमट्याचं टोक घातलं आणि एक चिमूटभर भुकटी कागदावर काढली. कागद माझ्यापुढं सरकवला. मला वास घ्यायचीही गरज नव्हती. मी त्या भुकटीत रांगत मोठी झालेय. मग त्यांनी झाकणाच्या बिजागरीत अडकलेलं काहीतरी ओढलं. बोटभर लांबीचा गुलाबी दोरा. विडीच्या कमरेला बांधायचा.

"भोकात भुकटी भरली, पिन पूर्ण बसत न्हाय. आणि पिन वाकडी घालून काढून भोक ढिलं झालंय. मशीनवर वजन काय ठेवता काय?" त्यांनी झाकण बंद करून उजेडात तिरकं धरलं. झाकणावर एक कमानीसारखा अस्पष्ट ओरखडा होता. एक नव्हे, एकावर एक बरेच. मला ते माहीत होते. पिशवीच्या चेनमुळं पडले असतील असं मी धरून चालले होते.

"गल्लीत सगळीकडं विड्या वळतात," मी म्हणाले. "वाऱ्यानं येत असेल." माझा आवाज मलाच लहान पोरीसारखा वाटला.

"असेल," ते म्हणाले, आणि मशीन साफ करायला लागले. वाऱ्यानं दोरा बिजागरीत येऊन बसत नाही हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

परतीच्या बसमध्ये मी लॅपटॉप मांडीवर घट्ट धरून बसले होते. मला एकच गोष्ट समजत नव्हती. घरात तंबाखू असती तर मला वास कसा आला नाही? निपाणी आली, बसचं दार उघडलं आणि वास आत शिरला. मग कळलं. बेळगावात दिवसभर राहून आल्यामुळं तो मला लागला, एरवी लागत नाही. आमच्या गावाच्या हवेलाच तो वास आहे. इथं जन्मलेल्याला तो घरात आहे का रस्त्यावर हे कधी कळायचं नाही. मी फरशीला फिनेल घालत होते आणि नाकानं खात्री करून घेत होते की घर स्वच्छ आहे.

त्या संध्याकाळी मी आईला काही बोलले नाही. "झालं का नीट?" तिनं विचारलं. "झालं," मी म्हटलं. दिवा पेटला होता, मी कितीही वायर हलवली तरी पेटलेलाच. तीन महिने ज्याच्यासाठी जीव टाकला ते झालं होतं आणि मला त्याचा काडीचा आनंद नव्हता. मनात अजून एक फट होती. आक्काच्या अंगणातून येत असेल. दोराही तसाच कुठून तरी. आईनं शब्द दिला होता. माझी आई शब्द मोडणारी बाई नव्हे.

दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी आठला निघाले. विहारात मुलींना धडा लिहून काढायला दिला, मोठीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि अर्ध्या तासात परत आले. दार लोटलेलं होतं. आतून बायकांचा आवाज येत होता, हसण्याचा. मी दार ढकललं.

बाहेरच्या खोलीत तिघी बसल्या होत्या. शेजारची आक्का, तिची सून आणि आई. आक्का आणि सून भिंतीला टेकून, मांडीवर सूप. आई मधोमध, पाटावर, पाय लांब करून. तिच्याही मांडीवर सूप होतं, पान होतं, तंबाखू होती, आणि सुपाच्या खाली, तिच्या मांड्यांवर आडवा, काल बेळगावहून दुरुस्त करून आणलेला माझा लॅपटॉप होता.

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. इतकं आठवतं की आक्काची सून उठून उभी राहिली आणि तिच्या मांडीवरच्या विड्या सगळ्या फरशीवर पसरल्या. आई उठली नाही. तिला पटकन उठता येतच नाही. तिनं हातातली अर्धी वळलेली विडी पुरी केली, तिचं तोंड मिटलं, दोरा बांधला आणि सुपात ठेवली. मग म्हणाली, "उंच हुतंय सूप त्येच्यानं. वाकावं लागत न्हाय. पाठ धरत न्हाय बग." आणि वर, "गुडघ्याला ऊब पण बरी लागती."

मी रात्री लॅपटॉप चालूच ठेवते, तो कायम कोमट असतो. तीन महिने मी ज्याच्या पोटातला बिघाड शोधत होते, त्याचा आईनं पाट केला होता.

आक्का आणि सून सुपं उचलून निघून गेल्या. आक्का जाताना दारात थांबली, काहीतरी बोलणार होती, पण माझं तोंड बघून गेली. मग मी सुटले. मी आईला काय काय बोलले! डॉक्टर मूर्ख आहेत का. मी नोकरीवर पाणी सोडून यायला निघाले होते, ते काय तमाशा म्हणून का. औषध वाढवलं, त्या फवाऱ्यानं तुझे हात थरथरतात, ते कशासाठी. आणि तू डॉक्टरांपुढं बसून खिडकीतून बाहेर बघत होतीस. "मला फसवलंस तू," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही राग येत होता.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "माझं कार्ड न्हाय आता," ती म्हणाली. "आक्काच्याच वाटणीचं वळते थोडं. उन्हाळ्यापासनं."

"पण का? तुला कशाची कमी हाय?"

ती सुपातली तंबाखू बोटांनी एका बाजूला करत राहिली. "रिकाम्या हाताच्या बाईजवळ कोण बसतंय गं? त्यांस्नी दिवसभर काम. गप्पा मारायला म्हणून कोण यील? हातात सूप असलं की येत्यात. बोलतोय, हसतोय. दोन तास जात्यात."

"मी हाय की घरात! तुझ्यासाठी आलेय मी!"

"व्हय," आई म्हणाली. "आलीयास की."

यात टोमणा असता तर मी भांडले असते. नव्हता. अकरा ते आठ मी आतल्या खोलीत, दार लावून, कानाला हेडफोन लावून असते. जेवण ती दारातून आत सरकवते. मी हे सगळं मनात बाजूला सारलं आणि माझ्याकडं जो शेवटचा दगड होता तो उचलला. "आणि मी विहारात असताना, घरात कोण नसताना तुझा दम कोंडला असता, तर? तर काय केलं असतंस?"

"कोंडलाता की," आई म्हणाली. "पर तवा तू घरातच हुतीस."

मला कळलंच नाही.

श्रावणातली गोष्ट, ती म्हणाली. बेळगावला जायच्या आधी चार-पाच दिवस. दुपारची वेळ. न्हाणीत कपडे पिळताना छाती जी बंद झाली ती सुटेचना. फवारा बाहेरच्या फळीवर राहिलेला. भिंत धरधरून ती माझ्या दारापर्यंत आली आणि खाली बसली. तिथून सरकता येईना. तिनं उंबऱ्यावरचा तांब्या दोन-तीनदा आपटला, तो आवाज पलीकडं आक्कानं ऐकला. आक्का मांडीवरचं सूप टाकून धावत आली, तंबाखू सगळी अंगणातल्या चिखलात. तिनं आणि सुनेनं आईला दोन्हीकडून धरून रिक्षात घातलं, गल्लीच्या तोंडाच्या दवाखान्यात वाफ दिली, तासाभरानं परत आणलं. पाचाला मी बाहेर आले तेव्हा आई खाटेवर पडली होती. चहा मीच केला होता त्या दिवशी. मला वाटलं तिला झोप लागलीय.

"मला हाक का मारली न्हाईस?" "मी दाराच्या पलीकडं हुते. एक हाक मारायचीस!"

"मारली की," आई म्हणाली. "तीनदा मारली. तांब्याच्या आधी. तू वो दिलास."

"मी काय म्हणाले?"

तिला सांगायचं नव्हतं. तिनं सूप मांडीवरून उचलून खाली ठेवलं, मग लॅपटॉप उचलला, पदरानं पुसला आणि माझ्याकडं धरला. मी घेतला नाही.

"आई, मी काय म्हणाले?"

"म्हणालीस, 'दोन मिनिटं थांब गं आई, चार्जिंग होईना झालंय.'"

आणि मला ते आठवलं. तो दिवस, ती मिटिंग, मी टेबलाखाली गुडघ्यावर बसून प्लग दाबून धरलेला, आणि दाराकडं न बघता तोंडातून गेलेले ते शब्द, जसेच्या तसे. दोन मिनिटांनी मी दार उघडलं नव्हतं, तेही आठवलं.